शंखखंडाचा अपस्मार : पेशींचा ऱ्हास आणि ऊर्जेचा हिशेब

नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारदप्तरी आता ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे त्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या चौदा तालुक्यांच्या मुलखात, फेफरे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच देखावा उभा राहतो. माणूस धाडकन कोसळला आहे, दातखीळ बसली आहे, हातपाय झाडतो आहे, तोंडाला फेस आला आहे, आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणी त्याच्या नाकाशी कांदा धरतो आहे, तर कोणी पायातली वहाण. हा देखावा खोटा नव्हे. परंतु मेंदूच्या एखाद्याच भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारांमध्ये प्रौढ वयात जो सर्वाधिक आढळतो, तो असा गाजावाजा करीत येत नाही. आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी येत नाही.

दुपारच्या वेळी ओसरीवर बाजरी निवडीत बसलेली एखादी बाई मध्येच थांबते. पोटातून काहीतरी वर छातीकडे चढत आहे असे तिला वाटते, विनाकारण भीती दाटून येते, कधी जळक्या रबरासारखा नसलेलाच वास येतो, कधी समोरचा सारा प्रसंग पूर्वी जसाच्या तसा घडून गेल्याचा भास होतो. मग तिची नजर थिजते. हाक मारली तर ओ देत नाही. ओठ चाटते, काही चघळत असल्यासारखी जिभेची चाळवाचाळव करते, एका हाताने पदराशी चाळा चालू राहतो. मिनिट-दीड मिनिटाने ती भानावर येते, परंतु काही वेळ गोंधळलेली असते आणि मधल्या काळात काय झाले ते तिला सांगता येत नाही. घरची माणसे म्हणतात, तंद्री लागते. शेजारी म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे. आणि औषधाऐवजी अंगारा सुरू होतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली राज्यात अमलात आला तरी देवऋषाकडे जाणारी पायवाट अद्याप मोडलेली नाही, याचे एक कारण मला असे दिसते की, या झटक्यात ना पडणे आहे ना फेस, आणि असा मुका झटका हा मेंदूचा आजार आहे असे त्या घराला कोणी सांगितलेलेच नसते.

या विकाराचे मूळ ठिकाण कानशिलाच्या आत, मेंदूच्या ज्या भागाला शास्त्रीय परिभाषेत शंखखंड आणि डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात टेम्पोरल लोब म्हणतात, तेथे असते. त्या खंडाच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस नावाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, आत वळलेली एक वळी दोन्ही बाजूंस आहे. आज सकाळी कोण भेटले, विळा कोठे ठेवला, सावकाराशी काय ठरले, अशा ताज्या घटना स्मरणात उतरण्याचे काम या वळीवाचून होत नाही. 1825 साली पॅरिसमध्ये बुशे आणि काझोव्हिए या दोन वैद्यांनी अपस्माराने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासताना ही वळी काहींमध्ये कठीण व आक्रसलेली असल्याचे नमूद केले. पुढे 1880 साली विल्हेल्म सोमर या जर्मन वैद्याने अशी नव्वद प्रकरणे एकत्र करून दाखविले की, हा ऱ्हास सरसकट नसतो. वळीच्या एका विशिष्ट पट्ट्यातील चेतापेशी नाहीशा झालेल्या असतात, आणि लगतचा एक चिंचोळा पट्टा मात्र बराचसा शाबूत राहतो. पेशी नाहीशा होणाऱ्या पट्ट्याला आजही सोमरचे नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी वळीत तेथे त्रिकोणी पेशींची दाट, रेखीव रांग दिसते. रोगी वळीत त्या रांगेच्या जागी तुरळक, सुकलेल्या पेशी आणि त्यांच्यामधली पोकळी भरून काढण्यासाठी वाढलेल्या आधारपेशींचे जाळे तेवढे उरते. वळी कठीण लागते ती या जाळ्यामुळे.

येथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला: पेशी मेल्या म्हणून झटके येतात, की झटके येतात म्हणून पेशी मरतात? जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्पीलमायर याने 1927 साली असे मत मांडले की, झटक्याच्या वेळी त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी गुदमरून मरतात. ही उपपत्ती पटण्यासारखी होती, कारण जोराच्या आकडीत माणसाचा श्वास अडखळतो, ओठ काळेनिळे पडतात, हे कोणालाही दिसते. तिला खरा छेद दिला तो 1973 साली ब्रायन मेल्ड्रम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी बबून जातीच्या वानरांमध्ये औषधाने दीर्घकाळ झटके चालू ठेवले, परंतु स्नायू शिथिल करून, यंत्राने श्वास देऊन, प्राणवायू व शरीराचे तापमान यांत बिघाड होऊ दिला नाही. अंगाची झाडाझाड नाही, गुदमरणे नाही; केवळ मेंदूत विद्युत्‌ वादळ. तरीही हिप्पोकॅम्पसमधील पेशी मेल्या. झटका लांबला तर बाहेरून काहीही कमी न पडता पेशी आपल्याच अतिरिक्त उद्दीपनाने नष्ट होऊ शकते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

हे कसे घडते ते समजण्यासाठी मेंदूच्या खर्चाकडे पाहिले पाहिजे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शेकडा दोन. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी शेकडा वीस तो एकटा घेतो, आणि दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज जाळतो. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात 1950 साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला, तेथील वाचकांना हे सांगितले पाहिजे की, पोत्यात भरली जाणारी साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीची असते, आणि त्यांपैकी मेंदूचे नित्याचे सरपण ग्लुकोज हेच आहे. (म्हणून झटका आलेल्याच्या तोंडात साखर कोंबावी असे मात्र मुळीच नाही. यकृत रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण राखून असते, आणि बेशुद्धाच्या तोंडात घातलेला जिन्नस श्वासनलिकेत जाण्याचीच भीती अधिक.) हे सरपण पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत जळते, आणि त्यातून एटीपी हे ऊर्जेचे चलन तयार होते.

एवढी ऊर्जा जाते कोठे? तिचा मोठा हिस्सा उपशावर खर्च होतो. आपल्याकडे कातळात विहीर खणताना पाझर सतत आत येत राहतो आणि खणणाऱ्यांना खाली उभे राहता यावे म्हणून वर इंजिन रात्रंदिवस चालवावे लागते, तशीच चेतापेशीची गत आहे: प्रत्येक संदेशाबरोबर सोडियमचे कण आत शिरतात आणि पोटॅशियमचे बाहेर निसटतात, आणि पेशीच्या पडद्यातील उपसायंत्र एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे तीन कण बाहेर काढते व पोटॅशियमचे दोन आत घेते. नेहमीच्या कामात आवक आणि उपसा यांचा मेळ बसतो. झटक्यात हजारो पेशी एकाच वेळी, एका सेकंदात अनेकवार पेटतात, पाझराचा लोंढा होतो, आणि इंजिनाला डिझेल पुरेनासे होते. आरंभी मेंदू ही मागणी भागवतो. त्या भागाचा रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा खप कित्येक पटींनी वाढतो. पण झटका थांबलाच नाही तर ही तजवीज अपुरी पडते, लॅक्टिक आम्ल साचते, एटीपी उतरते, आणि पेशी फुगू लागते.

परंतु उपसा मंदावणे हा अर्धाच भाग झाला. चेतापेशी एकमेकींना चेतविण्यासाठी ग्लुटामेट हे द्रव्य सोडतात, आणि त्याच ग्लुटामेटचा अतिरेक विषासारखे काम करतो. तो पेशीची दारे उघडी ठेवतो, त्या दारांतून कॅल्शियम आत लोटते, कॅल्शियम तंतुकणिकांत साचून त्या भट्ट्याच बिघडविते आणि पेशीची प्रथिने तोडणारे विकर जागे करते. ज्या क्षणी ऊर्जेची सर्वाधिक निकड त्याच क्षणी ऊर्जा निर्माण करणारा अवयव निकामी होतो, हे या ऱ्हासाचे मर्म आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ओल्नी याने 1969 साली या प्रक्रियेला उद्दीपनजन्य विषबाधा अशा अर्थाचे नाव दिले. मनुष्यामध्ये तिचा जो पुरावा मिळाला तो एका दुर्दैवी घटनेतून. 1987 साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मसल जातीचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. त्या शिंपल्यांत समुद्रातील सूक्ष्म शैवलापासून आलेले डोमोइक आम्ल होते, आणि ते ग्लुटामेटचीच नक्कल करणारे आहे. त्यांपैकी 84 वर्षांचे एक गृहस्थ तीव्र झटक्यांतून बरे झाले; वर्षभर बरे होते; आणि वर्षानंतर त्यांना शंखखंडाचा अपस्मार सुरू झाला. मृत्यूनंतर तपासणीत त्यांच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस पेशी गळून आक्रसलेले आढळले. म्हणजे जुन्या वादाचे उत्तर दोन्हीकडून होकारार्थी येते: एका आघाताने पेशी मेल्या, उरलेल्या पेशींनी काही काळाने चुकीच्या जोडण्या जोडल्या, त्यातून झटके निघाले, आणि दीर्घ झटका पुन्हा नव्या पेशींच्या मुळावर उठला.

मधल्या आधारपेशींचाही येथे मोठा हात आहे. ताऱ्याच्या आकाराच्या या पेशी सांडलेला ग्लुटामेट गोळा करून त्याचे निरुपद्रवी ग्लुटामाइन करतात आणि ते चेतापेशींना परत देतात. रोगी हिप्पोकॅम्पसमध्ये हे रूपांतर करणारे विकरच कमी झालेले आढळते, त्यामुळे सांडलेले नीट उचलले जात नाही. येल विद्यापीठात ड्यूरिंग आणि स्पेन्सर यांनी 1993 साली शस्त्रक्रियेच्या तयारीतील रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक नळ्या ठेवून मोजणी केली, तेव्हा झटका येण्यापूर्वीच तेथील ग्लुटामेट चढू लागल्याचे दिसले.

आता जी गोष्ट मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. झटक्याच्या वेळी ग्लुकोजचा भडका उडविणारा हाच भाग दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात उलट थंड असतो. 1980च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिस येथे एंगेल, कूल आणि फेल्प्स यांनी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देऊन मेंदूची छायाचित्रे घेतली, आणि रोगी बाजूचा शंखखंड ग्लुकोज कमी घेत असल्याचे दाखविले. या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात. त्या फ्लोरिनची शक्ती दर 110 मिनिटांनी निम्मी होत असल्याने ते दूरवरून मागवून ठेवता येत नाही. मुंबईत परळच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात 2002 साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसल्यावरच हे औषध देशात तयार होऊ लागले आणि ही तपासणी आपल्या आवाक्यात आली. तिच्यात एक कोडे निघाले. थंड दिसणारा प्रदेश आक्रसलेल्या वळीपुरता नसतो. तो तिच्या पलीकडे, पेशी गळालेल्या नाहीत अशा भागांतही पसरलेला असतो. तेव्हा थंडपणा म्हणजे केवळ पेशींची घट, असे समीकरण मांडता येत नाही. पेशी जिवंत आहेत, पण त्यांचा चयापचय मंदावला आहे, अशी एक मधली अवस्था मानावी लागते.

तिला दुजोरा दुसऱ्या वाटेने मिळाला. चेतापेशींच्या तंतुकणिकांत तयार होणारे एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे द्रव्य एमआरआय यंत्राच्या विशेष मोजणीने बाहेरूनच मोजता येते, आणि शंखखंडाच्या अपस्मारात ते उतरलेले असते. पूर्वी ही उतरण म्हणजे मेलेल्या पेशींची नोंद असे समजत. परंतु ज्या रुग्णांचे झटके शस्त्रक्रियेने पूर्ण थांबले त्यांच्यामध्ये न काढलेल्या भागांतील हे द्रव्य काही काळाने पुन्हा सामान्य पातळीवर आल्याचे 1990च्या दशकात आढळले. मेलेली पेशी उठत नाही. म्हणजे जी उठली ती मेलेली नव्हती, झटक्यांच्या ओझ्याखाली मंदावलेली होती. ज्या घरात दहा वर्षांच्या आजारानंतर ‘आता काय व्हायचे राहिले आहे’ असे म्हणून गोळ्या सोडून दिल्या जातात, त्या घरापर्यंत ही एक गोष्ट पोहोचावी अशी माझी फार इच्छा आहे. स्मरणशक्तीची जी तक्रार कायमची म्हणून गृहीत धरली जाते तिच्यातला काही अंश तरी झटके थांबवून परत मिळविण्याजोगा असू शकतो.

आपल्या भागात या ऱ्हासाची सुरुवात कशातून होते? काही रुग्णांच्या इतिहासात लहानपणी तापात आलेली, अर्धा तास किंवा अधिक चाललेली आकडी असते. तापातल्या बहुतेक आकड्या अल्पकाळाच्या आणि निरुपद्रवी असतात, त्यामुळे आईबापांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. लांबलेल्या आकडीची गोष्ट वेगळी. दुसरे कारण जंताचे आहे. डुकरांत वाढणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात, तेथून कोथिंबीर-मुळ्यासारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर आणि न धुतलेल्या हातांवर येतात. म्हणून आयुष्यभर माळकरी राहिलेल्या माणसाच्या मेंदूतही त्याच्या अळीची गाठ सापडते. गाठ मरून तिचा चुन्याचा खडा होतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत, जेथे 1995 पासून अपस्मारावरील शस्त्रक्रियांचे पद्धतशीर काम चालू आहे, असे कित्येक रुग्ण आढळले की ज्यांच्या मेंदूत असा खडा आणि शिवाय आक्रसलेला हिप्पोकॅम्पस, अशी दोन्ही लक्षणे होती. आणि आक्रसलेला भाग काढल्यावर त्यांपैकी अनेकांचे झटके थांबले.

कारण कोणतेही असो, रोग चिघळतो तो मुख्यतः औषध तुटल्याने आणि झोप तुटल्याने, आणि या दोहोंचा मुक्काम आपल्या जिल्ह्यात ठरलेला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो, आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत काढावयाचे असतात. पहाटे थंडीत फड गाठायचा, दिवसभर तोडायचे, आणि मध्यरात्री वाहन आले तर उठून मोळ्या भरायच्या. ज्याला अपस्मार आहे त्याच्यासाठी याहून घातक दिनक्रम कल्पिता येणार नाही. गावच्या आरोग्य केंद्रातून आणलेल्या फेनोबार्बिटोनच्या गोळ्या महिन्याभरात संपतात, नवा मुलूख, ओळखीचा डॉक्टर नाही, खाडा केला तर पैसे कापले जातात. आणि नेमके हेच औषध एकाएकी बंद झाले तर झटक्यांची माळ लागण्याचा धोका असतो. धोका झटक्याचा एकट्याचा नसतो. चुलीपाशी, कठडा नसलेल्या विहिरीवर, उसाने भरलेल्या गाडीच्या शेंड्यावर भान हरपणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

येथे काळाचा हिशेब पेशींच्या हिशेबाशी येऊन मिळतो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने 2015 साली घालून दिलेल्या मर्यादा अशा: हातपाय झाडणारी पूर्ण आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली तर ती आपणहून थांबण्याची आशा धरू नये व तातडीने औषध द्यावे, अर्ध्या तासापलीकडे गेली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा संभव धरावा. भान हरपणाऱ्या मुक्या झटक्यासाठी याच मर्यादा सुमारे दहा मिनिटे आणि तासाहून अधिक अशा आहेत. मिनिट-दोन मिनिटांच्या एका झटक्याने पेशींची राखरांगोळी होत नाही, हे रुग्णाने निर्धास्तपणे ऐकावे. परंतु सोबतच्या माणसाने पहिल्या क्षणी घड्याळ पाहिले पाहिजे, रुग्णाला कुशीवर वळविले पाहिजे, आणि कांदा, वहाण, चमचा यांपैकी काहीही तोंडानाकाशी नेऊ नये. नाकात फवारण्याचे मिडाझोलाम आता मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते टोळीबरोबर असावे.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने, ज्याच्याबद्दल त्यांना 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सिद्ध करून दाखविले की, फारशी न शिकलेली गावातलीच स्त्री शिकवणीनंतर गावाचे आरोग्य सांभाळू शकते. मुका झटका ओळखणे आणि टोळी निघण्यापूर्वी घरोघरच्या गोळ्या मोजणे ही कामे त्याच धर्तीची आहेत, आणि आशा कार्यकर्तीकडे ती रीतसर सोपविली जावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत आजार लपविण्याचे कारण लग्न. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहाला अडथळा मानला होता. 1999 साली संसदेने दुरुस्ती करून अपस्मार हा शब्द काढून टाकला. कायद्यातून तो गेला, स्थळ पाहताना होणाऱ्या चौकशीतून गेला नाही, आणि लपविलेल्या गोळ्या सासरी चुकतात.

औषधांनी सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचे झटके आटोक्यात येतात. आक्रसलेल्या हिप्पोकॅम्पसच्या प्रकारात मात्र औषधे अनेकदा हरतात, आणि योग्य निवडलेली दोन औषधे पुऱ्या मात्रेत देऊनही झटके चालू राहिले तर शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये. कॅनडात 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चाळीस-चाळीस रुग्णांचे दोन गट केले होते. वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा 58 जण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटात शेकडा 8. ही शस्त्रक्रिया एकाच बाजूस करतात, आणि दुसरी बाजू स्मरणाचा भार वाहू शकेल याची आधी कसून पारख करतात. कारण 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे दोन्ही हिप्पोकॅम्पस काढले गेले. 2008 साली मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शस्त्रक्रियेची सोय आहे. लोणीच्या किंवा विळद घाटाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम दाखवून तेथून पुढे जाणाऱ्याने बरोबर तीन गोष्टी न्याव्यात: आजवर घेतलेल्या औषधांची मात्रेसह यादी, झटक्यांच्या तारखा लिहिलेली वही, आणि घरच्या कोणी मोबाइलवर टिपलेला एक झटका, कारण डॉक्टरांपुढे तो बहुधा येत नाही आणि रुग्णाला स्वतःला तो आठवत नाही.